घरघरीची ऊब

दुरुस्तीवाल्या रफिकभाईंनी माझ्या जुन्या स्टीरिओ रिसीव्हरचं झाकण काढलं आणि डोकं फुगलेले दोन कपॅसिटर दाखवले. "साहेब, घरघर यांची. म्हातारे झालेत."

मला ते पटायला जड गेलं. माझे मित्र भाऊसाहेब गाण्यातले मोठे जाणकार. दर रविवारी माझ्याकडे येऊन डोळे मिटून ऐकतात. ती घरघर म्हणजे जुन्या यंत्राची ऊब, तिला हात लावणं पाप, हे त्यांनीच मला पंधरा वर्षं शिकवलं. जाणकारांचं एक बरं असतं. आपल्याला ऊब जाणवली नाही, तर दोष आपल्या कानांचा.

रफिकभाईंनी नवे कपॅसिटर सोल्डरचा डाग देऊन बसवले. सेट लावला आणि तानपुऱ्याची एकेक तार सुटी ऐकू आली. इतकी वर्षं ती घरघरीखाली दबून होती.

"भाऊसाहेबांचा सेट तर मी केव्हाच असा करून दिलाय," रफिकभाई म्हणाले. "कुणाला बोलू नका म्हणाले होते. पण तुम्ही त्यांचे दोस्त."

म्हणजे स्वच्छ गाणं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं आणि मला घरघरीचं तत्त्वज्ञान दिलं.

रविवारी भाऊसाहेब आले. दुरुस्तीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तबकडी फिरू लागली. त्यांनी डोळे मिटले, बोट वर केलं. "ऐका! ही ऊब नव्या यंत्रांत कुठे?"

खोलीत घरघरीचा मागमूस नव्हता. मी त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत राहिलो आणि पंधरा वर्षांच्या सवयीने माझी मान डोलली.