भाजलेली हाडं

कळंबच्या वरच्या ठाकरवाडीतली आवडी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांवर झाडलोट करतेय. माणसांना काय आवडतं ते ती विचारून घेते, पण कुत्र्याला काय सोसतं हे तिला कुणी शिकवायला नको. तिचा वाघ्या नाचणीच्या भाकरीवर आणि सुकटीच्या पाण्यात कालवलेल्या भातावर वाढला. सुलेमानचाचाच्या दुकानातून ती कोंबडीच्या माना आणायची, त्या कच्च्याच द्यायची.

"कच्चं हाड वाकतं गं," ती जावेला, वनिताला सांगायची. "भाजलं की बांबूगत चिरतं. आतडं फाडतं."

आणि वाघ्या नेमका भाजलेल्या हाडानंच गेला.

आवडी कामाला होती त्या बंगल्याची मालकीण हर्षला मुंबईहून पाहुणे घेऊन आली होती. तंदुरीची उष्टी हाडं ती कुंपणाबाहेर भिरकावत होती, आणि बाहेर वाडीतली कुत्री शेपट्या हलवत उभी.

"म्याडम, नका टाकू. मरतील ती."

"काही होत नाही गं. गावठी कुत्री, दगडसुद्धा पचवतील."

तिसऱ्या दिवशी वाघ्यानं रक्त ओकून प्राण सोडला. हर्षलाच्या स्वतःच्या कुत्र्याचं, ब्रूनोचं खाणं मात्र डॉक्टरनं लिहून दिलेलं, वाटीनं मोजून.

महिनाभर आवडी कामावर येत राहिली. फक्त भांडी जरा जोरात आपटत होती.

पुढच्या पार्टीला लॉनवर हाडांचा सडा पडला. आवडीनं ब्रूनोला खोलीतून आणलं, पट्टा मुठीत धरून हाडांपासून हातभर अंतरावर उभं केलं. कुत्रं लाळ गाळत ओढ घेऊ लागलं.

"म्याडम, सोडू?"

"ए, वेडी झालीस का! आतडं फाटेल त्याचं!"

पाहुणे वळून बघू लागले.

"म्हंजी तुमाला ठाव व्हतं," आवडी म्हणाली.

तिनं लॉनवरच्या हाडांकडे बोट दाखवलं.

"येचा. हातानं. येक येक."

"कामावरून काढीन तुला!"

"काढा की. मंग मी पट्टा कशाला धरू?" तिनं दोन बोटं सैल केली. ब्रूनोनं झेप घेतली, हर्षला किंचाळली आणि धपकन गुडघ्यांवर बसली.

एक पाहुणा मदतीला उठला. "बसा सायेब. माझा वाघ्या तुमच्या हातून नाय मेला."

हर्षला रांगत होती. पांढऱ्या कपड्यांना मसाला लागला, रंगवलेल्या नखांत चरबी भरली.

"खुर्चीखाली बरगडी ऱ्हायली."

"सॉरी म्हटलं ना, आवडी!"

"ऐकलं. येचा."

शेवटचं हाड बादलीत पडल्यावर आवडीनं ब्रूनोला खांबाला बांधलं. त्यानं तिचं मनगट चाटलं, तिनं हात पदराला पुसला.

"उद्यापासून दुसरी बाई बघा."

टेकडी चढताना तिला एकच गोष्ट सलत होती. हाडं आणखी थोडी पडायला हवी होती.