सभापतींच्या गाडीची नवी कॉईल

माझ्या सासऱ्यांना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. मिक्सर आला की त्याचं भांडं बदल, पंखा आला की त्याचा कंडेन्सर बदल, पाण्याची मोटार आली की तिच्या पाठीवर आणखी काहीतरी बसव. "कंपनी चार आणे हातचे राखूनच माल देती. ते आपन काढून घ्यायचे," असं त्यांचं ठाम मत होतं. एकेकाळी ते पंचायत समितीचे सभापती होते. पद जाऊन जमाना झाला, तरी तलवाड्यापासून गेवराईपर्यंत सगळे त्यांना सभापतीच म्हणत. मी आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणायचे.

मामांचा सगळा जीव त्यांच्या जुन्या पांढऱ्या पेट्रोल गाडीत. आणि गाडी निघाली की मागच्या सीटवर अण्णा असायचेच. अण्णा म्हणजे मामांचे जुने कार्यकर्ते. मामांनी भर दुपारी "आज गारवा हाय" म्हटलं तर अण्णा उपरणं अंगाभोवती ओढून घेत. वाईट नव्हता माणूस, पण त्यांच्या तोंडून नकार मी कधी ऐकला नाही. घरातले बाकीचेही थोड्याफार फरकाने अण्णाच. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं मला बजावलं होतं, "सासऱ्याच्या हो ला हो म्हण, तर नांदशील." माझं नर्सिंगचं शिक्षण झालेलं. बीडच्या दवाखान्यात नोकरी करायची मला फार इच्छा होती, आणि ती सगळी मामांच्या एका शब्दावर अडलेली होती.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. मामांनी पुण्याहून गाडीसाठी सामान मागवलं. जास्त करंट देणारी कॉईल, लालभडक जाड वायरी आणि वेगळ्याच टोकाचे प्लग. ठिणगी मोठी पडली की पेट्रोल पुरतं जळतं आणि गाडीला जोर येतो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवताना समजावून सांगितलं. गाडी बिघडली होती असं मुळीच नाही. जुने प्लगसुद्धा नुकतेच बदललेले होते. गेवराईच्या मिस्त्रीने सामान बसवलं आणि चतुर्थीला आम्ही लिंबागणेशला दर्शनाला निघालो. पुढे मामा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मागे अण्णा, माझे यजमान आणि मी.

मांजरसुंब्याचा घाट चढून वर टपरीवर चहाला थांबलो. मामांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "सभापती, गाडी न्हाई ही, पाखरू हाय. लई फरक!" यजमान म्हणाले, "पिकअप दुप्पट झालाय." आत्याबाईंनीही मान डोलावली. मग मामा माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू कावून गप? तुला काय वाटलं?"

मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आधीच्या चतुर्थीला याच गाडीतून याच घाटाने आले होते, आणि आजही ती तशीच धापा टाकत वर आली होती. तोंडातून निघून गेलं, "मामा, मला तरी काई फरक वाटला न्हाई."

आत्याबाईंनी पदराआडून चिमटा काढला. मामांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले. माझी नोकरी त्या घाटातच राहिली, असं मी धरून चालले. आईचे शब्द सारखे आठवायचे.

आठ-दहा दिवसांनी मामांनी पुन्हा सगळ्यांना गाडीत घातलं. तोच घाट, तीच टपरी, तोच प्रश्न. अण्णा या वेळी अंगात आल्यासारखे बोलले, "आज तर त्या दिवसापरीस जोरात पळायली! सामान आता मुरलंय." मामा शांतपणे उठले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत जुन्या काळ्या वायरी. कॉईल जुनी, प्लगही जुने. गेवराईला जाऊन त्यांनी सगळं नवं सामान गुपचूप काढून घेतलं होतं.

अण्णांनी घाम पुसला. "मंग तुमच्या हाताचा गुन असंल, सभापती."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. टपरीवाला पाणी घेऊन धावला. डोळे पुसत ते म्हणाले, "इतकी वर्सं राजकारन केलं, अन् गाडीचं खरं सांगाया नवी सून यावी लागली." जरा वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दवाखान्यात कवा जायचं ते सांग. मी येतो सोडाया."

आले. स्वतः गाडी चालवत आले. भावकीत कुजबुज झाली तेव्हा त्यांनी एकाच वाक्यात ती मिटवली, "जी मला तोंडावर सांगती, ती पेशंटला उल्लू बनवनार न्हाई."

सुधारले मात्र मुळीच नाहीत. पुढे गाडी खरोखरच झटके खायला लागली, तेव्हा त्यांनी पुन्हा कसलीशी भारी कॉईल हेरून ठेवली होती. मिस्त्रीने साधे कंपनीचे प्लग टाकले आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. "आजाऱ्याला औषध लागू पडतं गं. धडधाकटाला टॉनिक पाजून काय उपेग?" असं मला शहाणपणानं सांगून त्यांनी पुढच्याच महिन्यात हॉर्न बदलला. मला त्यांचं हे वेड फार आवडायचं.

मागच्या वर्षी मामांना पोटाचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मामांना सांगायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं. जो तो खाटेपाशी येऊन म्हणे, चेहरा सुधारलाय. एका दुपारी मामांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, मला जवळ बसवलं आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हनले?" मी नर्स, असे प्रश्न मला रोजचे. पण त्या दिवशी जीभ रेटेना. मी म्हणाले, "बरं वाटेल मामा, गोळ्या चालू आहेत."

मामांनी मान हलवली. "तू तरी नको गं, सूनबाई. तूच खोटं बोलाया लागलीस तर मी इचारू कुनाला?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. दिवस थोडे आहेत, हेही सांगितलं.  मामा एवढंच म्हणाले, "धाकट्याला बोलव."

धाकटा म्हणजे त्यांचा परळीचा भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांत कित्येक वर्षांचा अबोला होता. निरोप मिळताच चुलतसासरे आले. उंबऱ्यातच घुटमळले तेव्हा मामा खाटेवरूनच म्हणाले, "बांध तुझा. आता हितं बस." ते बसले ते शेवटपर्यंत उठलेच नाहीत. मामांना पेज तेच भरवायचे, आणि दोघं लहानपणीच्या कुठल्याशा चोरून खाल्लेल्या उसावरून भांडत हसायचे.

मामा गेले. तेराव्यानंतर चुलतसासरे परळीला निघाले, तेव्हा दारात थांबून मला म्हणाले, "पोरी, तू बोललीस म्हनून मला माझा दादा भेटला."

मला रडू आवरेना. मला बोलती केली ती त्यांच्या दादानंच, एवढंही मी त्यांना सांगू शकले नाही.