कुंडमच्या गिट्टीवरची खटखट

एकाहत्तरच्या लढाईत मी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतलं गेज कोटात घेऊन सायकलवर फिरायला गेलो.

चोरीच करायची असती तर निदान थोडी अक्कल वापरली असती. मी वापरली नाही. गेज म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचा पोलादी दांडा. त्याचं एक तोंड नगाच्या भोकात शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये, मग तो नग पास. ते स्टोअरच्या खिडकीवर मिळायचं. आपलं पितळी टोकन द्यायचं, गेज घ्यायचं. पाळी संपली की गेज द्यायचं, टोकन घ्यायचं. लहान मुलालाही चुकवता येणार नाही असा हा व्यवहार, आणि तो चुकवायला मी शिफ्टच्या सुरुवातीपासूनच लागलो होतो, कारण माझं टोकन घरी दुसऱ्या पँटीत राहिलं होतं.

माझ्या तपासणीच्या बेंचशेजारच्या मशीनवर आमचे काका होते. नात्यातले नव्हेत, शेजारच्या क्वार्टरमधले, वर्ध्याकडचे. शब्द टाकून मला फॅक्टरीत लावलं होतं ते त्यांनीच. पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते. दुसऱ्याच्या टोकनावर गेज काढणं म्हणजे गुन्हाच, पण माझं तोंड बघून त्यांनी खिशातून आपलं टोकन काढलं. "घे. सकाळी आठवणीनं आणून देजो," म्हणाले, आणि पुन्हा मशीनवर वाकले.

तेव्हा बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. ब्लॅकआऊटसाठी काचांना काळा रंग फासलेला, त्यामुळे रात्रपाळीवाल्यानं सूर्य बघायचा तो फक्त घरी झोपायला जाताना. किती दिवसांनी माझी एक रात्र सुट्टीची आली होती. सकाळी भोंगा वाजला, दाराखालून उन्हाची पट्टी आत आलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. गेज कोटाच्या खिशात टाकलं, हात धुवायला गेलो, नळावरून गर्दीबरोबर थेट गेटवर. दरबानानं दोन्ही खिसे चाचपले. रिकामे. कारण खिसा फाटका होता आणि गेज अस्तरातून खाली पार मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. मीही बाहेर येऊन एकदा खिसे चाचपले, काही लागलं नाही, म्हणजे गेज परत केलं असणार असं समजलो. रोज टोकन हातात पडलं की काम झाल्याची खूण पटायची. त्या दिवशी माझं टोकन घरी असल्यानं हात रिकामा आहे हेही मला खटकलं नाही.

घरी न जाता मी सायकल शहराबाहेर, कुंडमच्या दिशेनं काढली. मला हे वेडच होतं. पक्की सडक सोडून मुरमाच्या, गिट्टीच्या जंगलवाटांनी टेकड्या चढायच्या, जिथे कोणी भेटत नाही अशा ठिकाणी जायचं आणि परत यायचं. ज्याच्याकडून मी ती सायकल सेकंडहँड घेतली तो गोहलपूरचा मिस्त्री म्हणाला होता, "भैया, ये दूधवालों की गाड़ी है, पहाड़ की नहीं." मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी कुंडमकडच्या एका फाट्यावर गिट्टी पसरून ठेवली होती आणि डांबर पडायचं राहून गेलं होतं. दोन्ही बाजूला सागाची वाळलेली पानं, थंड हवा, माणूस नाही. आणि त्या शांततेत माझ्या सायकलीतून खट्, खट्, खट्.

मी उतरलो. मडगार्डचे नट आवळले. पुन्हा खटखट. कॅरिअर आवळलं. घंटीत रुमाल कोंबला. चेनकव्हर काढून कॅरिअरला बांधलं. उतरून चाललं की आवाज बंद, बसलं की सुरू, म्हणून सीट खोलून स्प्रिंगा तपासल्या. मग उकडायला लागलं म्हणून कोट काढून हँडलला लटकवला, तर आवाज पुढून येऊ लागला. मी म्हटलं, गेले, फोर्कमधले छर्रे गेले. तोफगोळ्यांचे नग पास-नापास करणारा माणूस मी, सरकार माझ्या नजरेवर लढाई लढत होतं, आणि मला हे सुचलं नाही की आवाज कोटाबरोबर जागा बदलतोय.

शेवटी कंटाळून चढावाच्या माथ्यावर एका सागाखाली कोटाची उशी केली आणि धाडकन पडलो. कानामागे टेंगूळ आलं. अस्तर चाचपलं, फाडलं, आणि गेज हातात आलं.

काका डोळ्यांसमोर आले. त्यांचं टोकन स्टोअरच्या खिळ्यावर, गेज गायब. गेज परत आल्याशिवाय त्यांना गेटबाहेर सोडणार नाहीत. त्या दिवसांत नळ उघडा राहिला तरी लोक घातपात म्हणायचे. सगळा जन्म फॅक्टरीत काढून माणूस नोकरीच्या शेवटच्या दिवसांत चोर ठरणार, पेन्शन जाणार, कदाचित बेड्याही पडणार. आणि मी इथे हवा खात होतो.

सायकल वळवली आणि उतारावर सोडून दिली. गिट्टीवर ब्रेक दाबायचा नसतो हे मला माहीत होतं. दाबला. मागचं चाक आडवं गेलं, मी गुडघ्यावर, सायकल माझ्यावर. उठून बसलो तर ब्रेकचं रबर उडालेलं. पुढचा उतार चप्पल चाकावर घासत काढला, चप्पल संपली. मग पुढचं टायर फुटलं. पंप, सोल्यूशन, ठिगळं, सगळं घरी. फुटक्या टायरवर दामटत राहिलो. रिम दगडांवर आपटायचं, दात वाजायचे, आणि आता खरोखरच सगळी सायकल खटखटत होती.

डोंगराचा वळसा वाचेल म्हणून मी नाल्यात उतरलो. नाला कोरडा, पण सगळी रेती. चाक रुतायला लागलं तशी सायकल खांद्यावर घेतली. रात्रभर उभं राहून काम केलेलं, पोटात काही नाही. थोडं चाललो की बसत होतो, बसलं की डोळे मिटत होते, आणि मिटले की काका दिसत होते.

तिथेच बसलेलो असताना तो विचार आला. गेज घेऊन गेलो की मी चोर. रेतीत पुरलं तर कोणाला कळणार? काकांचं जे व्हायचं ते होईल. कदाचित म्हातारा म्हणून सोडूनही देतील. मी हातानं रेती उकरायलाही लागलो होतो. चांगला कोपरभर खड्डा केला. मग आठवलं की काका माझं नाव सांगणार नाहीत. सांगणारा माणूस असता तर मी ते पुरलं असतं, हे मी आज शपथेवर सांगतो. मी गेज पँटीच्या खिशात घातलं, खिसा धड आहे ना ते बोट घालून पाहिलं आणि निघालो.

गेटवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सकाळचाच दरबान होता. तांबड्या धुळीनं माखलेला, एका पायात चप्पल, खांद्यावर सायकल, असा माणूस बघून त्यानं काठी आडवी धरली. "कौन हो?"

"मैं. सुबह तुमने ही तलाशी ली थी."

"तलाशी ली थी तो फिर काहे आए?"

मी गेज दाखवलं. सकाळी आपण काय चाचपलं याचा हिशेब त्याच्याही चेहऱ्यावर दिसला. दंडाला धरून त्यानं मला आत नेलं.

काका बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. समोरच्या टेबलावर त्यांचा डबा उघडून ठेवलेला, भाकरीचे तुकडे तुकडे केलेले, आत काही लपवलंय का बघायला. ठेच्यातही कोणीतरी पेन्सिल फिरवली होती. सिक्युरिटीचे साहेब सकाळपासून एकच विचारत होते आणि काका एकच सांगत होते: टोकन माझं आहे, गेज मी घेतलं, कुठे गेलं माहीत नाही.

मी गेज टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अस्तर उलटं करून दाखवलं, टेंगूळ दाखवलं. खटखट ऐकून मी नट आवळत बसलो, तेही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पूरे रास्ते आवाज़ आती रही और तुम नट कसते रहे?"

"जी."

"तुम फ़िटर हो?"

"एग्ज़ामिनर हूँ, साहब."

जासूस इतका मठ्ठ असू शकत नाही, अशी बहुधा साहेबांची खात्री पटली. मला बेंचवरून काढून यार्डात पेट्या उचलायला टाकलं. काकांना सोडलं, पण दुसऱ्याला टोकन दिल्याचा शेरा त्यांच्या रेकॉर्डवर बसला. सगळ्या नोकरीतला पहिला. साहेब ते लिहीत असताना काका भाकरीचे तुकडे डब्यात परत भरत होते.

बाहेर पडलो. ते पुढे, मी मागे सायकल ढकलत. क्वार्टरं येईपर्यंत ते वळूनही न बघता चालत राहिले. मला ते सहन होईना. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हणालो, "काका, मी ते नाल्यात पुरणार होतो. खड्डाही केला होता. पण नाही पुरलं. घेऊन आलो."

ते थांबले. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली.

"काहून आणलं बे? मले चोर म्हटलं असतं तं चाललं असतं. आता सारी फॅक्टरी इचारन का म्हाताऱ्यानं टोकन देलं तं देलं, पण तुले?"