सुधाकररावांनी न धरलेला संपर्क

माझे साडू सुधाकरराव गेले ही बातमी माझ्यापर्यंत पोहोचली, तेव्हा मी बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांबू बांधत होतो आणि त्यांच्यावरच चिडलेला होतो. बांबू त्यांच्याच हुकमावरून चढत होता. अँटेना अजून तीन फूट वर गेल्याशिवाय माझा आवाज मुलुंडला त्यांच्या घरी नीट पोहोचणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माझी बायको नीता गुडघ्यांमुळे दोन वर्षं गच्चीवर फिरकलेली नव्हती. ती जिना चढून दारात येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, सेक्रेटरींनी पुन्हा तक्रार केली. ती म्हणाली, "अहो, भाऊजी गेले." माझ्या दातांत सुतळी होती. त्यामुळे एवढ्या मोठ्या बातमीला माझ्या तोंडून निघालं ते फक्त "अं?"... त्याला आता दीड महिना होईल. बांबू अजून तिरकाच आहे.

साडू हे नातं तसं बिनकामाचं. दोन बहिणींनी लग्नं केली म्हणून दोन अनोळखी पुरुषांनी जन्मभर एकमेकांना "काय म्हणता?" विचारायचं आणि "मजेत" म्हणायचं. आमचं पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. सुधाकरराव टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आणि शिवाय हॅम; म्हणजे रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून घरच्या वायरलेस सेटवरून कुठल्या कुठल्या माणसांशी बोलणारे हौशी. मी विमा कंपनीत. विषय निघणार कुठून? मग त्यांना फुप्फुसांचा आजार झाला. घराबाहेर पडणं थांबलं, ऑक्सिजनचं यंत्र कॉटशेजारी येऊन बसलं. असाच एकदा भेटायला गेलो असताना, नुसतं गप्प बसायची भीती वाटली म्हणून मी त्यांच्या सेटकडे बघत "हे शिकायला फार अवघड असतं का हो?" असं विचारून बसलो. तिथे माझी वाट लागली.

बावन्नाव्या वर्षी मी परीक्षेचा अभ्यास केला. आमच्या मुलीने तिच्या बारावीला केला नव्हता इतका. पास झालो, परवाना आला, हातात मावणारा एक सेट घेतला, आणि मग सुधाकररावांनी अट घातली की माझा पहिला संपर्क त्यांच्याशी व्हायला हवा आणि तोही थेट. उंचावर बसवलेलं एक यंत्र असतं, ते आपला आवाज उचलून पुढे पाठवतं. ते वापरलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण "ते म्हणजे शेजाऱ्याकरवी निरोप धाडल्यासारखं," म्हणाले. आता बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये नॅशनल पार्कचा अख्खा डोंगर आहे. आम्ही माणसं त्याला पवईवरून वळसा घालून दोन तासांत पोहोचतो. आवाजाला वळसा घालता येत नाही. तो डोंगरावर आपटतो आणि संपतो.

तरी दर रविवारी सकाळी दहाला मी गच्चीवर. बटण दाबून माझं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं सांकेतिक नाव, सांगायचं, बटण सोडायचं आणि खरखर ऐकायची. दोन मिनिटांत खिशातला फोन वाजायचा आणि सुधाकरराव स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगायचे, "मोहनराव, तुम्ही येत नाही आहात." मी म्हणायचो, अहो, आत्ता आपण बोलतोयच की. त्यावर ते, "हे बोलणं नव्हे." मग सूचना. दोन पावलं डावीकडे सरका. आधी दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. सेट आडवा धरू नका, तो काही पावा नाही. इकडे सेक्रेटरी वर येऊन उभे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दही चार दिवस लागत नव्हतं, आणि ते माझ्या लहरींमुळे असा त्यांचा लेखी अर्ज होता. एका कानात डोंगरापलीकडचा माणूस आणि दुसऱ्या कानात दही... मी नीताला म्हटलं, मला हे झेपत नाही, मी सोडतो. ती म्हणाली, "सोडा. पण ताईला तुम्हीच सांगा. भाऊजी सहा दिवस फक्त रविवारच्या दहाची वाट बघतात." मग काय सोडणार?

पाचव्या रविवारी खरखरीतून अचानक "...राव..." असं काहीतरी आलं. मी अक्षरशः उडालो. पुन्हा बोललो, पुन्हा एक तुकडा आला, त्यात माझं कॉलसाइन अर्धं होतं. मग "...रिपोर्ट..." हा शब्द तेवढा कळला. प्रत्येक संपर्कात समोरच्याला रिपोर्ट द्यावा लागतो, दोन आकड्यांचा. पहिला आकडा किती कळलं त्याचा, एक ते पाच. दुसरा किती जोरात आलं त्याचा, एक ते नऊ. मला मिळालं होतं ते फार तर दोन-एक. पण पंचवीस वर्षांची सवय. साडूने विचारलं की छानच म्हणायचं. मी बटण दाबून ओरडलो, "पाच-नऊ. अगदी झकास येताय." मग बराच वेळ खरखर. तीही थांबली. मग नुसता फोन.

"मी शेवटी काय म्हणालो ते सांगा."

मी म्हटलं, तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे.

"मी म्हणालो, माझ्या डोक्यावर मांजर बसलंय."

मी हसलो. ते हसले नाहीत. हा संपर्क मी धरत नाही, म्हणाले. मी खरंच वैतागलो. पाच रविवार, बावन्न वर्षांचे गुडघे, ते दही, आणि वर हे. म्हटलं, अहो, आला ना आवाज? उगाच वाईट कशाला सांगायचं? त्यांनी आधी दम घेतला. फोनमध्ये यंत्राची घरघर ऐकू येत होती. "वाईट काय त्यात?" ते म्हणाले. "तुम्ही खरं सांगितलंत तर मी अँटेना फिरवीन. तुम्ही छान म्हणालात तर मी आहे तसाच बसून राहतो. आणि इथे सगळे मला छानच म्हणतात, मोहनराव."

हे माझ्या डोक्यात शिरायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. आम्ही दोघं मुलुंडला गेलो होतो. सुधाकरराव दोन उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, गळ्याची हाडं वर आलेली. नीता म्हणाली, भाऊजी, चेहरा तरतरीत दिसतोय. सुनंदाताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, हो ना, कालपासून जेवण पण वाढलंय. बंगळुरूला असलेल्या मुलाला, अमेयलाही ताईंनी हेच कळवलं होतं, त्यामुळे तो निवांत दिवाळीत यायचा होता. दिवाळीला अडीच महिने होते. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. सुधाकररावांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रिपोर्ट?"

मी विमा विकणारा माणूस. गोड बोलण्याचा पगार घेतो. पण त्या वेळी मी म्हटलं, "तीन-दोन. वाक्याच्या शेवटी तुम्ही तुटता. मागच्या महिन्यात तुटत नव्हता."

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिकडे कुकरचं झाकण जोरात आपटल्याचा आवाज आला. सुधाकरराव मात्र इतके खूश झाले की मला त्यांचाच राग आला. "धरला," म्हणाले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "आता हाच रिपोर्ट अमेयला द्या. मी दिला तर त्याला वाटतं, बाबा कुरकुर करतायत."

रिक्षात नीताने पवईपर्यंत माझी हजेरी घेतली. "आजारी माणसाला कोणी मार्क देतं का? तुम्हाला काही पोच?" ताई तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अमेयला फोन मी त्याच संध्याकाळी केला होता. तो एवढंच म्हणाला, "काका, आई तर म्हणते..." मी म्हटलं, आई काय म्हणते ते मला माहीत आहे, मी तुला आकडे सांगतोय. तो चौथ्या दिवशी आला. बापलेकांना अकरा दिवस मिळाले. त्यात त्यांनी बोलण्यापेक्षा भांडण जास्त केलं असं ऐकतो, सेटची मागची वायर कोणी काढली यावरून. बरंच झालं. मधल्या दोन रविवारी मला फोनवर सूचना चालूच होत्या. आपला संपर्क अजून बाकी आहे, बांबू आणा, तीन फूट वर न्या, मग बघा. बांबू आणायला मी उशीर केला. त्याबद्दल ते बोलले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं... तेव्हाच कळायला हवं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी दहाला गच्चीवर गेलो. का ते विचारू नका. बटण दाबून कोणी ऐकतंय का असं मोघम विचारलं, आणि कुठूनसा पालघरकडून एक भसाडा आवाज आला. त्याने माझं कॉलसाइन पूर्ण म्हटलं, स्वतःचं सांगितलं, आणि रिपोर्ट दिला, तीन-तीन. आवाज फाटतोय, म्हणाला, माइक तोंडात घालू नका. अनोळखी माणूस असा बोलल्यावर मला रागच आला. मग मीही त्याला खरा आकडा दिला. वहीत लिहिला. माझा पहिला धरण्याजोगा संपर्क, एका उद्धट माणसाशी.

लिहीत होतो तेवढ्यात फोन वाजला. सवयीने मी दोन पावलं डावीकडे सरकलो. फोन सुनंदाताईंचा होता. सुधाकररावांच्या खोलीतला सेट अजून जागेवर आहे. परवाना नसलेल्या माणसाला त्यावर बोलता येत नाही, पण रविवारी दहाला त्या तो लावून समोर बसतात, हे मला तेव्हा कळलं. "एक-दोन," त्या म्हणाल्या. "शब्द एकही कळला नाही. पण तुम्हीच होतात." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, एवढं घाईघाईने कोण बोलतं?

मग मी विचारलं, तुम्ही कशा आहात?

"मजेत," त्या म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड जातं, हे घरच्यांना विचारा. फोनमधून त्यांच्या खोलीतल्या सेटची खरखर येत राहिली.

"नाही," मग त्या म्हणाल्या. "दोन-एक."

"धरला," मी म्हटलं. "निघतो."