भरलेली बाटली

भाचीला आणायला बालवाडीत गेले आणि दारातच थबकले. एका चिमुरडीचा फ्रॉक ओला झाला होता आणि बाई हसत साऱ्या वर्गाला सांगत होत्या, "म्हणा रे, शेम शेम!" मुलं टाळ्या पिटत ओरडली. माझी भाचीही ओरडली.

"बाई, हे काय चाललंय?"

"अहो, गंमत! लाज वाटली की सवय लागते."

भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली होती. अक्षरं ओळखण्याआधी लाज शिकवणाऱ्या या धंद्याला आपण संस्कार म्हणतो आणि प्रवेशासाठी रांगा लावतो.

रस्त्यात घामेजलेल्या भाचीपुढे मी तिची पाण्याची बाटली धरली. ताईने सकाळी भरून दिलेली, ती तशीच होती.

"नको मावशी," ती म्हणाली, "मग शू येते."