बाटली भरेपर्यंत

तर ती बाटली. काल नळापाशीच थांबलो होतो ना आपण?

धायरीच्या त्या शाळेत जिनत मॅडम समुपदेशक. पोरांच्या मनातलं ऐकायचं, हेच काम. पण शाळेत धड कुलूप लागणारी खोली एकच, आणि ती त्यांची. दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली की प्रश्नपत्रिका आत आणि मॅडम बाहेर. मुख्याध्यापक पोपटराव म्हणाले, "मॅडम, मन कुठेही मोकळं करता येतं. पेपर नाही." माणूस वाईट नव्हे हो, उत्तर फक्त खिशात तयार.

मॅडमनी खुर्ची टाकली पाण्याच्या नळाशेजारी. तिथे कोण येणार? मॅडमशी बोलताना दिसलं, की वर्गात नाव पडलंच. आठवडाभर कोणी फिरकलं नाही.

मग दहावीतली ऋतिका आली बाटली भरायला. भरली, ओतली, पुन्हा लावली. चौथ्या खेपेला मॅडमच्या ध्यानात आलं. त्यांनी नळ करंगळीएवढा बारीक केला आणि पाठ फिरवून बसल्या. पोरगी नळाकडे तोंड करून बोलू लागली. लांबून वाटावं, पाणी भरतेय. रोज एक बाटलीभर बोलायची. झोप लागत नाही. पेपर समोर आला की अक्षरं दिसत नाहीत. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, मोबाइल कमी कर. मॅडम नळ आणखी बारीक करत.

आणि गेनबाशेठ पावले. जमीन बिल्डरला देऊन मोकळा झालेला भला माणूस. त्याने वडिलांच्या नावे शाळेला थंड पाण्याचा कूलर दिला. हार झाले, पेढे झाले, जुना नळ बंद झाला. नव्याची धार अशी, की म्हणता म्हणता बाटली भरावी.

त्या दिवशी ऋतिका म्हणाली, "मॅडम, हल्ली सकाळी उठल्यावर मला वाटतं की..."

बाटली वाहू लागली. मागे रांग होती. तिने झाकण लावलं आणि गेली.

पुढचं ऐकायला मॅडम दुसऱ्या दिवशी लवकर येऊन बसल्या. ती आली नाही. परीक्षेलाही नाही. मॅडम घरी गेल्या. आईने चहा दिला, नि म्हणाली, बरी आहे ती; तुम्ही सारख्या आलात, तर सोसायटीत विचारतील. आतल्या खोलीचं दार काही उघडलं नाही.

वर्षअखेर अहवाल भरताना पोपटरावांनी पेनाचं टोपण काढून विचारलं, समुपदेशनाचा लाभ किती विद्यार्थ्यांना झाला?

जिनत मॅडम म्हणाल्या, "शून्य लिहा, सर. एक मुलगी अर्धं बोलली होती, तेवढ्यात बाटली भरली."