कॉम्प्रमाइज कुणी करायचं

कॉम्प्रमाइज हा शब्द मी अकरावीच्या वर्गाला शिकवते. कोशातला अर्थ सांगण्याआधी मुलांनाच विचारते, कारण बहुतेकांनी तो कुठे ना कुठे ऐकलेला असतो. एखादा सांगतो, केस मिटवणे. त्याच्या घरी बांधावरून हिंगोलीच्या कोर्टात तारखा चालू असतात आणि वकिलाने हा शब्द वडिलांच्या कानावर घातलेला असतो. कुणी मिठाईच्या दुकानावरची पाटी वाचलेली असते, ‘चवीशी नो कॉम्प्रमाइज’. मुलींच्या बाकांवरून मात्र हमखास एक उत्तर येतं, ऐकून घेणं. मी त्यांना चूक म्हणत नाही. ‘दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडून मधे येणं’ असं फळ्यावर लिहिते आणि पुढच्या शब्दाकडे वळते.

माझ्या स्वतःच्या घरात हा शब्द आला तो सासूबाईंचा पाय मोडला त्या वर्षी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सिद्धेश्वरच्या धरणाखाली कालव्याच्या काठाला त्यांचं गाव. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. जमीन थोडी आहे, ती चुलत सासरे बटईने, निम्म्या वाट्यावर करतात. आत्यांजवळ त्यांच्या शेळ्या. त्या वेळी मी, नवरा आणि मुलगी हिंगोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी ज्युनिअर कॉलेजात, आणि नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकायचे आणि तो आत तांब्याची तार नव्याने भरून द्यायचा. मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती.

पावसाळा सरत आला होता. आत्या शेळ्यांसाठी पाला तोडायला गेल्या आणि कालव्याच्या भरावावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीत ऑपरेशन होऊन आत सळई बसली आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. शेळ्या चुलत सासऱ्यांच्या गोठ्यात गेल्या.

आमचं दोघींचं तोवर फारसं जमलेलं नव्हतं. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. मी घाईत भाकरी जाड थापते हे त्यांना खपायचं नाही, आणि त्या मुलीला बशीत चहा ओतून द्यायच्या ते मला. आता त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर पलंगावर पडून असत. मी कॉलेजातून आले की आधी फोन लावून मागायच्या. पलीकडे चुलत सासू. काळी गाभण आहे, तिला दाटीत बांधू नका, पाणी उन्हातलं देऊ नका, असं त्या सांगत राहायच्या. एकदा पलीकडून कळलं की एक करडू मेलं. त्या दिवशी ताट तसंच राहिलं. मी दोनदा म्हटलं, खाऊन घ्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दिवाळीला त्या वॉकर धरून चालायला लागल्या आणि गावी सोडा म्हणून हट्ट धरला. आम्ही नेलं. पण त्यांना एकटं ठेवता येणार नाही हे पहिल्याच सकाळी दिसलं. चुलीशी बसलं की उठता येत नव्हतं. तेव्हा चुलत सासऱ्यांनी रविवारी दुपारी सगळ्यांना बसवलं. माझ्या वडिलांनाही नरसीहून बोलावून घेतलं.

चुलत सासरे मनाने वाईट नाहीत. एकदा ते ग्रामपंचायतीत निवडून आले होते, तेव्हापासून मिटिंगमधले इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात बसले. ओसरीत सतरंजी टाकली होती. ते, माझे वडील आणि नवरा वर बसले, आत्या खुर्चीत, मी उंबऱ्याशी. आधी पावसाचं झालं, हळदीचं झालं. मग ते माझ्याकडे वळले.

“सूनबाई, घर म्हणलं की कोनी तरी कॉम्प्रमाइज करावंच लागतंय,” ते म्हणाले. “तुमी आता हितंच राहा.”

मी विचारलं, राहायचं म्हणजे किती दिवस. ते म्हणाले, आत्यांना बरं वाटेपर्यंत. मग नोकरीचं काय, तर तसल्या नोकऱ्या पुन्हा मिळतात, शिकलेल्या माणसाला काय कमी. कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर राबून मला ती जागा मिळाली होती हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सतरंजीचा धागा ओढत होता.

माझ्या वडिलांनी घसा साफ केला. मला वाटलं, ते नोकरीचं सांगतील. ज्या दिवशी नेमणुकीची ऑर्डर हातात आली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. ते म्हणाले, “कर बाई थोडं कॉम्प्रमाइज. संसारात करावं लागतं.”

त्या वेळी राग आला नाही. भलताच विचार सुरू झाला. लहानपणापासून माझ्या आईला, काकूला, मावशीला जे जे सांगितलेलं ऐकलं होतं ते आठवत गेलं. पडतं घे. नमतं घे. जुळवून घे. समजून घे. सगळीकडे घे, घे, आणि प्रत्येक वेळी द्यायचंच असायचं. नवा शब्द आला म्हणून त्यात फरक पडला नव्हता.

मग चुलत सासऱ्यांनी दुसरी बाजू धरली. ते आत्यांना म्हणाले की मग वहिनी, तुम्ही कॉम्प्रमाइज करा, शेळ्या बाजारात नेऊन विकू आणि तुम्ही कायमच्या हिंगोलीला जा. पोरगं तिथं, सून तिथं, नात तिथं.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू विंग्रजी शिकवतीस न्हवं? ह्या शब्दाचा अर्थ काय हाय?”

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. दोन बाजूंचं पटत नसलं की दोघांनी थोडं थोडं सोडायचं आणि मधे यायचं.

“मंग हितं दोन बाजू कोन्त्या? तू न् मी?”

“तसंच चाललंय,” मी म्हटलं.

“तुजं माजं काई भांडन हाय का?”

“न्हाई.”

“मंग आपल्याच दोघीला काहून सोडायला लावून राहिले?” हे त्या कुणाकडे बघून बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी शेळ्या इकनार न्हाई. हिनं काय करावं ते हिचं हिनं बघावं.”

माझी बाजू त्यांनी घेतली असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना शेळ्या हव्या होत्या, आणि वर्गातला प्रश्न विचारावा तसा त्यांनी सरळ प्रश्न विचारला. पण त्यानंतर बैठक पुढे सरकेना. चहा झाला. माझे वडील एसटीची वेळ झाली म्हणून उठले. फाट्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले.

मी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून गावात राहिले. नवरा मुलीला घेऊन हिंगोलीला गेला. मधे एकदा कॉलेजात सही करायला गेले तर तिथे वेगळाच गोंधळ. कॉलेजच्या मेलवर संदेश आला होता की खातं कॉम्प्रमाइज झालं असण्याची शक्यता आहे. क्लार्क मला विचारत होते, मॅडम, कुणाशी झालं, आणि आपल्याला न विचारता कसं झालं. मी सांगितलं की इथे अर्थ निराळा, कुणीतरी चोरून आत शिरलंय, पासवर्ड बदला. ते म्हणाले, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे. त्या आठवड्यात तरी ते दोन अर्थ मला फार लांबचे वाटत नव्हते.

रजा संपत आली तशी मी मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवायला लागले होते. एका दुपारी नवरा टेम्पो घेऊन गावात आला. टेम्पोत वाइंडिंगचं मशीन, तारेची रिळं, दुकानातलं लाकडी टेबल. मला वाटलं, दुकानाची जागा गेली. त्याने सामान ओसरीत उतरवलं, हातपाय धुतले, आणि जेवायला बसल्यावर सांगितलं, “मी हितं बसतो. तू लेकराला घेऊन हिंगोलीला ऱ्हा.”

मी विचारलं, दुकानाचं काय. तो म्हणाला, कालव्याच्या पट्ट्यात मोटारी जास्त जळतात. एवढंच. आत्यांनी त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. कॉम्प्रमाइज हा शब्द कुणीच वापरला नाही.

हे सोपं गेलं नाही. हिंगोलीतली त्याची जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडे वळली. गावात कुणी म्हणालं, बायकोनं बाहेर काढलं. हिंगोलीत घरमालकिणीने मला आडून विचारलं की नवऱ्याने सोडलं की काय. मुलगी आजारी पडली की मी एकटीच तिला घेऊन दवाखान्यात बसायची, आणि तेव्हा वाटायचं की आपण उगाच ताणलं. चुलत सासरे मात्र गावभर सांगत होते की दोघांचं आम्हीच कॉम्प्रमाइज करून दिलं. नवरा ते ऐकून घ्यायचा. मीही कधी खोडलं नाही.

त्याला काही वर्षं झाली. आत्या आता काठी घेऊन चालतात, पाय थोडा आखूड झाला आहे. शेळ्या पूर्वीपेक्षा कमी आहेत, त्यांची धार नवरा काढतो. पहाटे कालव्यापर्यंत एक चक्कर मारून येतो, तिकडच्या मंडळींत त्याच्या ओळखी झाल्या आहेत. सुट्टीत तो हिंगोलीला आला की दुसऱ्या दिवशी त्याची चुळबुळ सुरू होते. गावच्या स्वयंपाकघरातले डबे त्याने आणि आत्यांनी आपल्या सोयीने लावून घेतले आहेत. मीठ कुठे आहे हे मला विचारावं लागतं.

माझ्या वडिलांनी त्या दिवसाबद्दल एकदाच विचारलं, तेही फोनवर, राग धरलास का म्हणून. मी नाही म्हटलं. ते खरं होतं की नव्हतं हे मी नंतर तपासून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि मुलगी औंढ्याकडची गाडी धरतो. फाट्यावर तो मोटारसायकल घेऊन उभा असतो. मुलगी आता मोठी झाली, पुढे टाकीवर बसायला तयार नसते, म्हणून आम्ही दोघी मागे दाटीवाटीने बसतो. कालव्याच्या रस्त्याने जाताना तो मान थोडी मागे वळवून सांगत असतो, कुणाची मोटार जळाली, कुणी रात्रीच्या लाइटीत चालू करून सोडून दिली होती, कुणाची सोमवारी न्यायला येणार आहेत. वाऱ्याने निम्मं ऐकू येत नाही. मी हूं म्हणत राहते.